दफनभूमीत आधी कोण

मी, सबीना मॅनियन, वय एक्याऐंशी, राहणार किलबारा, काउंटी गॉलवे. पाय गेले, डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही, तेवढी कोणाची छातीही नाही. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर, गाय आणि दलदलीतला जळणाची माती कापायचा पट्टा पुतण्या फेस्टी याला. माझा जीव जाताच त्याने घड्याळ थांबवावे, आरसा झाकावा, खिडकी उघडावी. खिडकीत कोणी उभे राहू नये, मला बाहेर पडायला वाट मोकळी हवी.

२. रात्र जागवायला आलेल्यांना मातीच्या चिलमी, तंबाखू आणि व्हिस्की पुरेपूर द्यावी. मला न्हाऊ घालून नीट निजवण्याआधी भावजय ब्रिजेटने गळा काढू नये. निळी शाल तिलाच द्यावी, कधीपासून डोळा आहे तिचा.

३. आमच्याकडे शेवटी पुरलेल्याने पुढचे प्रेत येईपर्यंत दफनभूमीतल्या सगळ्यांचे पाणी भरायचे असते. माझी लेक डीलिया सहा वर्षांची असताना गेली, त्याच दिवशी शेजारच्या कोलमन फाहर्टीची आई गेली. दोन्ही शवपेट्या एकदमच रस्त्याला लागल्या. आम्हाला पाहताच कोलमनची माणसे धावत सुटली आणि त्यांनी पेटी भिंतीवरूनच आत घेतली. माझी पोर मागे राहिली. त्या उन्हाळ्यात गावात कोणी मेले नाही. एवढ्याशा हातांनी ती सगळ्यांचे पाणी भरत असणार. कोलमनशी मी बोलणे टाकले.

एका सकाळी तिच्या थडग्यापाशी भरलेली बादली दिसली. दुसऱ्या दिवशीही. मग कोलमनच दिसला, विहिरीवरून चढ चढत येताना. म्हणाला, "पोर दमेल गं. घाईत त्या पेटीत कोण आहे ते बघितलंच नाही मी." थंडीत पुढचे प्रेत येईपर्यंत त्याने एक दिवस चुकवला नाही. मग मी बोलू लागले. हल्ली तो रोज भांडायला येतो आणि माझा चहा संपवतो.

४. कोलमनचा खोकला मला आवडत नाही. आम्ही एकाच दिवशी गेलो, तर माझी पेटी वळणावर थांबवावी आणि त्याची आधी आत जाऊ द्यावी. फेस्टी, धावलास तर घर ब्रिजेटला. पाणी मी भरीन. त्याने माझ्या लेकीचे भरले आहे.

सही: सबीना मॅनियन
किलबारा, ३ नोव्हेंबर १९३४

साक्षीदार:
१. पाडी जॉयस, शाळामास्तर
२. कोलमन फाहर्टी. सही करतो, पण चौथं कलम मला मान्य नाही. माझ्या पोरांना केव्हाच सांगून ठेवलंय, सबीनाची पेटी दिसली की माझी खाली ठेवा आणि निवांत चिलीम ओढत बसा.