दार अंगणाकडे

प्रिय सुमन,

काल तुझं घर उचलून न्यायला मीच क्रेन बोलावली होती. क्रेनवाल्याने जे सांगितलं ते ऐकून गप्प बसणं मला शक्य नाही, म्हणून हे पत्र. एरवी मी पत्रं लिहिणाऱ्यांतली नाही, गेलेल्या माणसाला तर नाहीच. तुला ठाऊक आहे.

तुला जाऊन तीन महिने झाले. मागच्या आठवड्यात विलासचा फोन आला. "आत्या, ती पेटी कधी उचलता? आमच्या अंगणाकडं पाठ करून उभी हाय. आईला रोज बघवत नाय." दादाचा मुलगा इतकं सरळ बोलला, ते मला आवडलंच. खरेदीच्या कागदावर तू वारस म्हणून माझं नाव घातलं होतंस, तेव्हा घर माझं. खालची जमीन सगळ्यांची. पक्कं घर कुणी उचलून नेत नाही. तुझं चार हुकांना साखळ्या लावल्या की निघालं. मी म्हटलं, "गुरुवारी नेते."

चुकीची सुरुवात माझ्यापासून झाली, हे आधी लिहून टाकते.

सव्विसाव्या वर्षी नवरा गेला आणि तू माहेरी आलीस. तीस वर्षं दादाच्या पडवीत काढलीस. अंगणवाडीतली गावाची सगळी पोरं तुझ्या हाताखालून गेली. दादा होता तोवर निभावलं. तो गेल्यावर वहिनीचं आणि तुझं एका चुलीवर जमेना. भांडण कशाचं? आमटीत कोकम किती घालायचं याचं! दोन विधवा बायका, एक चूल, आणि बोलणं बंद.

मग अंगणाच्या कडेला दोन खोल्या बांधायचं तू ठरवलंस. सामाईक जमीन, म्हणून सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन तू शहापूरला माझ्या दारात आलीस. "ताई, तुझी सही पहिली कर. तुझी बघून वहिनी करंल."

मी काय म्हणाले? "आधी वाटणी, मग सही." तीस वर्षं तहसील कचेरीत काढलेल्या बाईने दुसरं काय म्हणायचं! संमतीवर घरं बांधून पुढे कोर्टात गेलेले भाऊ मी पाहिले होते. कायद्याने मी बरोबर होते, सुमन. आजही आहे. तू चहा संपवलास, कागदाची घडी घातलीस आणि म्हणालीस, "बरं."

त्या "बरं"चा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला. महामार्गालगतच्या कारखान्यातून तू तयार घर विकत घेतलंस. भिंती, दार, खिडक्या, वायरिंग, संडास-बाथरूम, सगळं तिथेच जोडलेलं. बांधकामावरच्या साहेबांसाठी बनवतात तसलं. फोनवर तुझा आवाज एखाद्या नव्या नवरीसारखा! "ताई, पायाच नाय. सहा ठोकळ्यांवर बसतं. पाया नाय तर सही कशाला?"

"सुमे, तो डबा आहे," मी म्हटलं. "डब्यात बिस्किटं ठेवतात, माणसं नाही."

"मंग मी बिस्किट," म्हणून तू किती हसलीस!

घर आलं आणि उलटं बसलं. दार डोंगराकडे, आणि अंगणाकडे कोरी पांढरी भिंत, खिडकीसुद्धा नाही. विलासने फोटो पाठवला. वहिनी साऱ्या गावाला सांगत सुटली, "पाठ केली आमच्याकडं." आपल्याकडे बोलणं तुटलेले भाऊसुद्धा दार अंगणाकडेच ठेवतात. मलाही तेच वाटलं. मी फोन केला, "हे काय केलंस?" तू म्हणालीस, "बसलं तसं बसलं."

एवढंच! अगं, आणखी दोन वाक्यं बोलायला काय झालं होतं तुला? की ती मी विचारायला हवी होती?

घरभरणीला मी आले नाही. गुडघा दुखतो असं कळवलं. गुडघा तेव्हा दुखत नव्हता. पुढे चौदा महिने मी तुझ्याशी कामापुरतं बोलले.

तुझं घर आतून पाहिलं ते तू गेल्यावर. कारखान्याच्या दाराला उंबरठा नसतो, म्हणून तू सुताराकडून सागाचा करून बसवला होतास. त्याच्यावर हळदीकुंकू. उन्हाळ्यात तापू नये म्हणून पत्र्यावर पेंढा पसरून वर दोऱ्या बांधल्या होत्यास. म्हशाच्या जत्रेतल्या दोन घोंगड्या घडी करून ठेवल्या होत्या. एक तुझी. दुसरी कुणासाठी गं? कोरीच होती.

आणि ती सकाळ. वहिनी सहाला उठते, दार उघडते, अंगणातलं सगळं तिच्या नजरेत असतं. तुझ्या घराची तिला फक्त भिंत दिसत होती. दहा वाजता अंगणवाडीतली पोरं ओरडत आली, "बाई आल्या नाय!" तेव्हा विलास वळसा घालून मागे गेला. तू दाराच्या आतच पडली होतीस, एक हात उंबरठ्यावर. म्हणजे दारापर्यंत आली होतीस.

दार समोर असतं तर? तीन महिने हा प्रश्न माझी पाठ सोडत नव्हता, आणि मी एकच उत्तर देत होते: तिनेच पाठ फिरवली, मी काय करू? सोयीचं उत्तर होतं. कालपर्यंत पुरलं.

क्रेनवाला तोच होता, घर आणणारा. गाडीतून उतरला, आधी अंगणातल्या आंब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "फांदी हायच की अजून! मंग फिरवायचं कसं?"

"फिरवायचं नाही, न्यायचं आहे," मी म्हटलं.

तो गोंधळला. "बाई कुठंशा? त्यांनीच बोलल्यालं ना, पुढल्या साली येऊन दार अंगणाकडं फिरवून दे. तुमचा फोन आला तवा मला वाटलं त्याच कामाला."

तू नाहीस, हे मी त्याला सांगितलं. तो टोपी काढून तुझ्या पायरीवर बसला. मग एकेक सांगत गेला. गाडी अंगणातून वळेना. दार समोर आणायचं तर आंब्याची खालची फांदी तोडायला हवी होती. त्याने कोयता काढला तशी तू आडवी आलीस. "दादाच्या हातचा आंबा हाय. तोडायचा तर वहिनीला इचारायला पायजे, आन् ती माझ्याशी बोलत नाय. ऱ्हाऊ दे उलटं. ती बोलाय लागली का इचारीन, तवा ये."

वहिनी ओटीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

"इलास," ती म्हणाली, "कोयता आन."

"आई, बाबाचा आंबा..."

"फांदी परत फुटंल रे. चढ."

फांदी पडली तेव्हा ती पदर तोंडाला लावून उभी होती. मग माझ्यावर उखडली. "तुमी तहसीलवाल्या! कागूद बघता, मानूस नाय. तिनं मला इचारलं असतं तर मी 'नको तोडू' बोलले असते काय?"

"बोलली असतीस," मी म्हटलं.

"व्हय. बोलले असते," ती म्हणाली.

साखळ्या लागल्या, घर वर उचललं गेलं. खाली सहा ठोकळे आणि पिवळं पडलेलं गवत. हवेत घर हळूहळू फिरलं आणि दार अंगणाकडे करून बसलं. बसताना उंबरठा निखळला. विलासने तो पुन्हा ठोकला.

सगळं ठीक झालं असं लिहून मी तुला फसवणार नाही. वहिनीने मला जेवायला थांबा म्हटलं नाही. तुझ्या कपाटात तो संमतीचा कागद सापडला, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या नावापुढची जागा कोरी. मी सही केली. कायद्याने आता त्या कागदाला काही अर्थ नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी केली. ती बघून वहिनीनेही आपल्या नावापुढे अंगठा उठवला. तू म्हणाली होतीस तसंच झालं. पहिली माझी हवी होती.

दर महिन्याला एकदा मी शहापूरहून येईन, तुझं दार उघडीन आणि वहिनीने बोलावलं नाही तरी तिच्या ओटीवर जाऊन बसेन. वाटणीचं नाव काढणार नाही. आणि यापुढे कुणी "बसलं तसं बसलं" म्हणालं, तर का, ते विचारीन.

तुझी,
ताई

वहिनीच्या हवाली केलं ते:
घराच्या किल्ल्या दोन.
खरेदीचा कागद, मागे माझ्या अक्षरात: घर इथेच राहील.
संमतीपत्र, सह्या पूर्ण.
जुनी घोंगडी एक.

कोरी घोंगडी वहिनीने परत माझ्या पिशवीत घातली. म्हणाली, "ही तुमची. इलास सांगत व्हता, घरभरणीला याल म्हनून घेतल्याली."