दाजींच्या फोल्डरमधला उजवा पाय

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. (खरंच आडवा झालो होतो, टेबलाखाली केबल शोधायला, त्यातच उरकून घेतला.) तुमची पाठ कशी आहे? ताईचा गुडघा? माझी तब्येत उत्तम, म्हणजे वजन चार किलोंनी उतरलं आहे आणि लोक अभिनंदन करतात. फोनवर बोलायला गेलो तर रडू फुटेल, म्हणून ही ईमेल.

तुम्ही हे कृत्रिम पायांचं वर्कशॉप सोडून गेलात (दार आपटून गेलात असं इथे अजून सांगतात, बिजागरी दाखवून) आणि ताईने खटपट करून तुमची खुर्ची मला मिळवून दिली, त्याला पाच महिने झाले. गेल्या महिन्यात जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. सगळ्यांची फोल्डरं नव्यावर आणली, तुमचंसुद्धा. पण तुमचा प्रोग्राम, म्हणजे मांडीचं स्कॅन घेऊन पायाचा आकार काढणारा या इमारतीतला एकमेव शहाणा, तो काही नव्यावर चालेना. सोर्स कोडपासून पुन्हा बिल्ड करायचं ठरलं. ठरलं म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्याला ती भूमितीची लायब्ररी लागते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार आकडेमोडीचं ते गाठोडं. ती सगळ्यांच्या सामायिक जागेत टाकता आली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण त्या जागेच्या किल्ल्या आपल्या सिस्टीमवाल्यांकडे, ज्यांना तुम्ही द्वारपाल म्हणायचात. त्यांनी चष्म्यावरून पाहत सांगितलं, "इथे काही ठेवायचं नाही. तुमच्या फोल्डरमध्ये काय हवा तो पसारा मांडा." मांडला. तिथून माझे ग्रह फिरले.

बिल्डला बसलो, तर एरर: लायब्ररी सापडत नाही. अरे, नाकासमोर ठेवली आहे! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण हा पठ्ठ्या वळसासुद्धा घालत नाही. नेहमीच्या दोन जागी डोकावतो आणि हात वर करतो. मग त्याला हेडर फायलींचा पत्ता दिला. कंपाइल झालं. चहा घेऊन येतो तर जोडणीच्या वेळी पुन्हा तेच, लायब्ररी सापडत नाही. (हेडर म्हणजे नुसती ओळखपत्रं, खुद्द माणूस शेजारच्या फोल्डरमध्ये असतो, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.) तोही पत्ता दिला. जोडणी झाली. प्लास्टरवाल्या मावशींना टाळी देऊन प्रोग्राम चालवला, तर लायब्ररी सापडत नाही! म्हणजे बिल्ड करताना सांगितलेलं याला चालताना आठवत नाही, तेव्हा वेगळं सांगावं लागतं. माझ्या सासऱ्यांनाही लग्नात माझी तीनदा ओळख करून द्यावी लागली होती, पण तिसऱ्यांदा ते निदान हसले. शिवाय त्या लायब्ररीला दुसरी लागते, दुसरीला तिसरी, आणि तिसरीला पुन्हा पहिलीच, पण जुनी. त्यात अकरा दिवस गेले.

सांगायला लाज वाटते, पण एकदा जिन्यात बसून रडलो. एररमुळे नाही. इथे एक निवृत्त पोस्टमन रोज कुबड्यांवर येतात, उजव्या पायाचं विचारतात, "झालं नसेल तर घाई नाही" म्हणतात आणि तीन मजले उतरून जातात. लिफ्ट बंद आहे. घाई आहे हे त्यांना माहीत असतं आणि मलाही.

शेवटी मंगळवारी खणात तुमची वही सापडली. चालवताना द्यायच्या पत्त्यांची एक ओळ त्यात होती. ती जशीच्या तशी उतरवली, शेवटी माझा पत्ता जोडला आणि चाललं! पडद्यावर पोस्टमनांचा उजवा पाय. वर्कशॉपच्या प्रमुख बाईंनी सर्वांदेखत पाठ थोपटली आणि पोस्टमनना शनिवारी पाय घालून पाहायला बोलावलं. तेव्हा एकंदरीत सगळं क्षेम आहे. ताईला नमस्कार, भाचीला गालगुच्चा.

तुमचा आज्ञाधारक (आणि जरासा कर्तबगार) मेहुणा

ता. क. वर "चाललं" लिहिलं आहे ते मंगळवारपुरतं खरं आहे. आज बुधवार. सकाळी प्रोग्राम पुन्हा चालवला. अजिबात कुरकुर न करता त्याने पोस्टमनना डावा पाय काढून दिला. झालं असं, की वहीतल्या ओळीत तुमचा पत्ता पहिला होता. काल तो माझ्या लायब्ररीकडे फिरकलाच नव्हता, तुमच्या फोल्डरमधलीच वापरत होता. आणि ते फोल्डर काल संध्याकाळी द्वारपालांनी पुसलं. इथला नियम तुम्हाला ठाऊक आहे, गेलेल्या माणसाचं फोल्डर पुसायला त्याच्या जागी आलेल्याची सही लागते. ती मी पहिल्याच दिवशी केली होती, न वाचता, मोठ्या ऐटीत; त्या कागदाची पाळी काल आली. (आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं हा वाक्प्रचार या वर्कशॉपमध्ये कुणी वापरत नाही, म्हणून मीही वापरत नाही.) प्रत आहे का विचारलं, तर म्हणाले, "प्रत ठेवा असा अर्ज होता का?"

ता. क. दुसरा. म्हणजे तुमच्या त्या लायब्ररीत तुम्ही कधीतरी हाताने काहीतरी बदललंत आणि कुठेही लिहून ठेवलं नाहीत. मी दिवसभर अधिकाची वजा चिन्हं करून पाहिली. पाय उजवा झाला, पण गुडघा मागच्या बाजूला गेला. तुमच्या घरच्या जुन्या डिस्कसाठी ताईला फोन केला, तर ती भंगारात गेली आहे. ताईने तुम्हाला विचारूनच दिली, तुम्ही पेपरातून डोकं न काढता "त्यात काय आहे" म्हणालात. त्यात काय होतं ते हे. आता ती बदललेली ओळ फक्त तुमच्या डोक्यात आहे. बाईंचं तोंड पुन्हा पाहणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात, माहीत आहे. उद्या गुरुवारी त्या नसतात. दाजी, पाया पडतो, उद्या या. तुम्ही उद्या ओळ सांगितलीत तर शुक्रवारी मशीनवर पाय कापून होतो.

ता. क. शेवटचा. शनिवार मी रद्द केलेला नाही. केला असता, पण आत्ताच पोस्टमनांचा फोन आला. त्यांनी बूट घेतले आहेत. सहा वर्षं नवा जोड घेतला की उजवा खोक्यातच राहायचा. या वेळी दोन्ही घेऊन येऊ का, असं विचारत होते. मी हो म्हणालो.