मागची दोन चाकं

३ नोव्हेंबर

आज मागची दोन्ही चाकं काढली. कारच्या शर्यतीनंतर अठरा दिवस गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. पोरगी, गिरिजा, तिकडं बघत पण नाही. अंगणात जायचं तर मागल्या दारानं फिरून जाते.

उजवा ब्रेकचा ड्रम उघडला. ठीक. लायनर निम्मा शिल्लक, कोरडा.

डावा उघडला. आत सगळं ओलं. व्हील सिलिंडर गळतोय, ब्रेक ऑइल लायनरवर उतरलंय, वर धूळ बसून काळा चिखल झालाय. एवढं ऑइल गेल्यावर पेडल आत जाणार, ब्रेक धरणारच नव्हता.

मला माहीत होतं. म्हणजे एवढं आहे हे माहीत नव्हतं. शर्यतीच्या चार दिवस आधी त्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली होती. फडक्यानं पुसली. शर्यत झाल्यावर बघू म्हटलं. एकतीस वर्षं बस डेपोत ब्रेकच्या कामावर काढलेला माणूस मी.

लायनर पेपरात गुंडाळून पत्र्यामागं सारले. घरात कुणी नव्हतं, तरी आधी शेडचं दार लावून घेतलं.

४ नोव्हेंबर

सुमननं आज परत विचारलं, पोरीनं खरंच ब्रेक दाबला होता का हो. गिरिजाला आईनं त्याच दिवशी विचारलं होतं, माझ्यासमोर. तेव्हा पोरगी म्हणाली, दाबला, पण धरला नाही. आता म्हणते, काय की, पाय ॲक्सिलरेटरवरच राहिला असेल.

आयोजकांच्या कागदावर पण तेच. चालकाची चूक. शेवटच्या वळणाला गाडी वळलीच नाही, फीत तोडून सरळ गेली. तिथं मैंदर्गीचा श्रीशैल स्वयंसेवक म्हणून झेंडा घेऊन उभा होता. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

त्या दिवसापासून गि. ड्रायव्हिंग स्कूलला गेली नाही. तिच्या हाताखाली निम्म्या गल्लीतल्या बायका गाडी शिकल्यात.

ड्रम काढूनच टाकायचे. मागं पण पुढच्यासारख्या डिस्क बसवायच्या. नवा सिलिंडर घातला असता तर दुपारपर्यंतचं काम होतं. पण त्या ड्रमला परत हात लावणं माझ्यानं होणार नाही.

६ नोव्हेंबर

भंगारात याच गाडीचं वरचं मॉडेल मिळालं, मागं डिस्कवालं. दोन्ही डिस्क, त्यांना धरणारे कॅलिपर, हब काढून आणले. आपल्या ॲक्सलवर भोकं जुळत नाहीत. ब्रॅकेट करून घ्यावे लागणार.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत रशीदभाईकडं गेलो. लेथ त्यांचा, दिवसभर यंत्रमागाचे पार्ट करतात. पुठ्ठ्यावर माप काढून दिलं. त्यांनी पुठ्ठा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, ड्रमला काय झालं होतं?

जुने झाले म्हटलं.

त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला. दहा एमएमची प्लेट कापायला घेतली.

८ नोव्हेंबर

मैंदर्गीला जाऊन आलो, श्रीशैलला बघायला. पिठाची गिरणी आहे त्याची. भाऊ चालवतोय सध्या. हा आतल्या खोलीत, पाय उशीवर. बर्री, कूड्री, या, बसा म्हणत उठायलाच बघत होता. बायकोनं चहा आणला, वर शेंगाची चटणी बांधून दिली.

म्हणाला, पोरीला जास्त बोलू नका. तिचं वय काय, घाबरली असंल. माजा काय राग न्हाय.

सगळं सांगायचं ठरवून गेलतो. बसमध्ये तोंडातल्या तोंडात म्हणून पण बघितलं होतं. चहा पिऊन उठून आलो.

१० नोव्हेंबर

ब्रॅकेट बसले. डावीकडं डिस्क अर्धा सूत बाहेर येत होती, वॉशर घालून सरळ केली. मागल्या बाजूला हँडब्रेकच्या केबलला जागा होईना म्हणून दोन्ही कॅलिपर ॲक्सलच्या पुढच्या अंगाला घेतले. पाइप जोडले, ऑइल भरलं.

पाइपातली हवा काढायला सुमनला पेडलवर बसवलं. दाब, धर, सोड. तासभर. पेडल वर येतच नाही. पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा आत जातो.

११ नोव्हें.

तेच. दाब, धर, सोड. ऑइलची बाटली संपली, दुसरी फोडली. पेडल मऊ.

सुमन म्हणाली, अहो, माझी पोटरी भरून आली. तिला उठवलं. एकट्यानं नळी लावून केलं. मऊच.

१२ नोव्हें.

पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरवर संशय. काढला, रबरं बदलली, बसवला. मऊ. प्रत्येक जोड पुसून कागद लावून बघितला. कुठं थेंब नाही. गळत नाही आणि धरत पण नाही.

डेपोत माझ्या हातानं किती गाड्या घाटात उतरल्या असतील. आज एक छोटी गाडी उभी करता येईना. पाना खाली टाकला, तिथंच फरशीवर बसलो. मला वाटतं हा ब्रेक माझ्या हातानं व्हायचाच नाही. असलं काही मी मानत नाही. तरी वाटतं.

१३ नोव्हें.

शिकायला येणाऱ्या दोघी बायका घरी आल्या होत्या. म्हणाल्या, मॅडम, दुसऱ्या सरांकडं आमचा हात बसत नाही. गिरिजानं पाणी दिलं, हसून बोलली, आणि सांगितलं की आता मी शिकवत नाही, मलाच नीट येत नाही.

मी दाराच्या आड होतो. बाहेर जाऊन बोलायला दोन पावलं लागली असती.

१५ नोव्हें.

रशीदभाई स्वतःच आले. म्हणाले, जिलानीबाबाच्या दर्ग्याकडं चाललो होतो, म्हटलं बघून जावं. मी म्हटलं, बघा, आता तुमीच बघा. माझं डोकं चालंना.

ते गाडीखाली शिरले. थोड्या वेळानं आतूनच म्हणाले, "अण्णा, निपल खाली आलंय की. हवा वर जाती. ती खालून कशी निघंल?"

कॅलिपर पुढच्या अंगाला घेताना उलटे झाले होते. हवा काढायचं निपल खाली, हवा वरच्या कोपऱ्यात अडकलेली. पाच दिवस मी नुसतं ऑइल काढत होतो. पहिल्या वर्षाच्या शिकाऊला कळलं असतं.

डावा उजवीकडं, उजवा डावीकडं घातला. हँडब्रेकची केबल परत वळवावी लागली. हवा निघाली, बुडबुडे बघत बसलो. पेडल दगडासारखं झालं.

रशीदभाईंनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ब्रेकचं झालं. दुसरं काय असंल ते पण काढून टाका. त्यांना काय कळलंय कोण जाणे.

१६ नोव्हें.

सांगितलं.

संध्याकाळी गि. आपणहून शेडमध्ये आली. अठरा अन् तेरा, एकतीस दिवसांनी. डिस्कवर बोट फिरवलं. म्हणाली, कशाला एवढा त्रास घेतला अप्पा, ड्रम चांगले होते, पाय माझाच चुकला.

मी पत्र्यामागून पुडकं काढलं आणि तिच्या हातात दिलं. ओल कधी दिसली, पुसली कशी, सगळं सांगितलं.

तिनं लायनर नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग पुडकं परत नीट बांधलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अव्वानं मला विचारलं, खरंच ब्रेक दाबलास का. तुम्ही तिथंच बसला होता, अप्पा."

एवढंच. आत गेली.

१७ नोव्हें.

गि. बोलत नाही. सुमनला तिनं सांगितलंय. सुमन ताट वाढते आणि माझ्यासमोरून उठून जाते.

१९ नोव्हें.

तेच. घरात तिघं आहोत आणि फक्त टीव्ही बोलतो.

नवी पेठेत भाजीला गेलतो तर डेपोतला जुना सोबती भेटला. म्हणाला, पोरीच्या जातीला एवढा वेग झेपत नाही बघ. त्याला तिथंच खरं सांगावं असं ओठावर आलं. त्यानं हातातली पिशवी दाखवली, लग्नाची खरेदी, घाई होती त्याला. गेला.

तीन वेळा हीच गत. मैंदर्गीत, दाराआड, बाजारात. भित्रा म्हणतात ते हेच असणार.

२० नोव्हें.

सकाळी शेडमधून गाडी चालू झाल्याचा आवाज. पळत गेलो. गि. हेल्मेट घालून बसली होती. दार उघडं ठेवलं होतं, माझ्या बाजूचं. बसलो.

एमआयडीसीच्या मागं मोकळं मैदान आहे, तिथं नेली. मला उतरवलं. लांबून वेगात आली आणि ब्रेक मारला. मागची चाकं जागच्या जागी जाम झाली, गाडी फिरली, अख्खी उलटं तोंड करून धुळीत थांबली. मी धावलो.

काच खाली करून म्हणाली, मागची आधी धरतायत. मागचं प्रेशर कमी करा.

चार दिवसांतलं पहिलं वाक्य. मी मान हलवली.

२२ नोव्हें.

मागच्या लाइनला प्रेशर कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह बसवला. परत मैदान. ती ब्रेक मारायची, मी पाव फेरा फिरवायचा. ती बोटानं खूण करायची, अजून. सहाव्या वेळी गाडी सरळ रेषेत थांबली. सातव्या वेळी पण.

येताना गाडीत म्हणाली, श्रीशैलदादांना तुम्ही सांगायचं. मी येणार नाही. म्हटलं, उद्याच जातो. ती म्हणाली, तुमचं तुम्ही बघा.

२३ नोव्हें.

गेलो. या वेळी चहाच्या आधी सांगितलं.

श्रीशैल काठी धरून खुर्चीत होता. सगळं ऐकून घेतलं. मधेच बायको कप घेऊन आली, त्यानं तिला कानडीत काहीतरी हळू सांगितलं, ती कपासकट परत गेली.

काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "पोरीची चूक म्हनून म्या सोडून दिलं होतं. ही चूक न्हाय. हे आयोजकांना लिहून द्या, तुमच्या सहीनं. पुढं काय करायचं ते मी मग ठरवतो. आता जावा तुमी."

बसस्टँडपर्यंत कसा आलो आठवत नाही.

घरी येऊन गि. ला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तक्रार पण होईल कदाचित, म्हटलं. ती बरं म्हणाली.

२४ नोव्हें.

पत्र लिहिलं. दोन कागद फाडले, तिसरा ठेवला. तारखेसकट लिहिलं. ओल दिसली, पुसली, चालकाला सांगितलं नाही. तिची चूक नव्हती. खाली सही, पूर्ण नाव, पत्ता.

गि. ला वाचायला दिलं. उभ्या उभ्या वाचलं. मग पेन मागितलं आणि एक ओळ खोडली. 'कामाच्या घाईत दुरुस्ती राहून गेली', ही.

"घाई नव्हती अप्पा. तुम्ही चार दिवस घरीच होता."

बरोबर आहे. मग काय होतं, तिनं विचारलं. ती समोर बसली, उठली नाही.

डेपोतले सगळे येणार होते बघायला. मी महिनाभर सांगत फिरलो होतो, माझी पोरगी गाडी पळवणार आहे. ड्रम उघडला असता आणि सिलिंडर वेळेवर मिळाला नसता, तर तिनं नाव मागं घेतलं असतं. मी ओळखतो तिला. म्हणून उघडला नाही.

हे तोंडानं सांगितलं तिला. तिनं कागद माझ्याकडं सरकवला. खोडलेल्या ओळीच्या वर हे लिहायला थोडी जागा आहे.

पेन हातात आहे. अजून लिहिलेलं नाही. ती समोरच बसली आहे.