पॅसेजमधला फोटो

४ मार्च

सासुरवाडीला जेवायला गेलो होतो. हॉलमध्ये सोफ्याच्या बरोबर वर साडूने काढलेला बगळ्याचा फोटो. मोठा, काचेचा, खाली सही. मी काढलेला सासू-सासऱ्यांचा फोटो कुठे दिसत नाही, असं सहज विचारलं. तो संडासाकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये लावलाय. तिथला बल्ब गेल्या वर्षापासून बंद आहे. सासूबाई म्हणाल्या, त्यात माझे डोळे मिटलेत ना, म्हणून तिकडे लावला. म्हणजे डोळे यांनी मिटायचे आणि शिक्षा मी भोगायची.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. स्वतःला कलावंत समजतो. जेवताना सगळ्यांसमोर मला म्हणाला, साडूभाऊ, तुमचा हात वाईट नाही हो, कॅमेराच जुना आहे. सगळे हसले. बायको सगळ्यांच्या नंतरही हसत होती.

सूड घेणार. ठरलं.

५ मार्च

सासऱ्यांचा फोन. मे महिन्यात दोघं कायमची मुलाकडे राहायला चाललीत, दुसऱ्या गावी. म्हणाले, पन्नास वर्षं संसार केला पण दोघांचा एक धड फोटो नाही. लग्नाच्या फोटोत हिची मान खाली, पुढच्या सगळ्यांत डोळे बंद. कॅमेरा दिसला की हिचा दगड होतो. नव्या घरी हॉलमध्ये लावायला हिचा डोळे उघडे असलेला एक फोटो द्या, दोघांपैकी कुणीही द्या. १९ एप्रिलला निरोपाचं जेवण आहे, त्या दिवशी काढा.

बोलता बोलता त्यांचा आवाज जरा बसला. मलाही वाईट वाटलं. नंतर लक्षात आलं की साडूलाही हाच फोन गेला असणार. मग वाईट वाटणं थांबलं.

ती भिंत माझी.

९ मार्च

कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. घाईने काही घ्यायचं नाही. हाताळून, पारखून.

पहिला कॅमेरा: दिसायला देखणा, पण धरला की करंगळी खाली लोंबकळते. ज्याला करंगळीची कदर नाही तो काय साथ देणार. नापास.

दुसरा: हलका. इतका हलका की सूड घेतोय असं वाटत नाही. नापास.

तिसरा: वा. हातात घेताच खांदा खाली आला. शटरचा आवाज लोखंडी कपाट लावल्यासारखा. असा आवाज ऐकला की समोरचा माणूस आपोआप गप्प होतो. त्यावर ८५ची, चेहऱ्यांचे फोटो काढायची पोर्ट्रेट लेन्स लावून पाहिली. 'टक' करून बसली. रिंग तेल घातलेल्या बिजागरीसारखी फिरते. दुकानदाराचा फोटो काढला. दुकानदाराचं नाक स्पष्ट, कान धूसर. दुकानदार म्हणाला, फोकस डोळ्यांवर हवा होता. दुकानदारांना कलेतलं काय कळतं.

१२ मार्च

तिसरा घेतला. ८५ची लेन्स, ट्रायपॉड, रिफ्लेक्टर आणि धूळ उडवायचा रबरी फुगाही घेतला. बायकोने विचारलं, जुन्याला काय झालं होतं. म्हटलं, अपमान.

लेन्स काढली की कॅमेऱ्याच्या बॉडीच्या उघड्या तोंडाला लावायचं एक प्लास्टिकचं झाकण सोबत आलं होतं. फेकून दिलं. लेन्स कायम लावलेलीच राहणार, झाकण कशाला. भित्र्या लोकांची कामं.

१५ मार्च

रिफ्लेक्टर. चेहऱ्यावर उजेड परतवायला. चपटी गोल पिशवी असते, चेन उघडली की आतून माणसाएवढी चंदेरी तबकडी उसळी मारून बाहेर येते. माझ्या हनुवटीवर आली. उघडायला एक क्षण, मिटायला अख्खा रविवार. बायको म्हणाली, राहू दे तसाच, पलंगामागे ठेव. पलंगामागे ठेवला. आता पंखा लावला की वाजतो.

१८ मार्च

भयंकर बातमी. साडूकडे हाच कॅमेरा आहे. हेच मॉडेल, काळी बॉडी, हॉलमधल्या त्या बगळ्यापासून. बायकोला हे ठाऊक होतं. का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणाली, तू विचारलं कुठे.

मी हा घेणार हे त्याने आधीच ओळखलं असणार. माणूस पाताळयंत्री आहे.

एक बरं, त्याच्याकडे ८५ची लेन्स नाही. जुनी, रिंगवरचा रबरी पट्टा उडालेली ५०ची लेन्स आहे. लेन्सवरून माणूस ओळखावा.

२ एप्रिल

सराव. ऑफिसातल्या कॅशियरला खिडकीत बसवून फोटो काढले. त्याने पाहिले आणि म्हणाला, आईला दाखवू नका, काळजी करेल.

१० एप्रिल

बायकोला बसवून सराव केला. ती म्हणते, किती वेळ, दूध उतू जाईल. दूध उतू गेलं. फोटोत दुधाकडे पळणारी बायको. पाठ चांगली आली आहे.

१६ एप्रिल

खरं सांगायचं तर (इथे दुसरं कुणी वाचत नाही) फोटो अजून हवे तसे येत नाहीत. दोष माझा नाही, प्रकाशाचा आहे. पण दिवस तीन उरलेत, आणि प्रकाश सुधारेल असं दिसत नाही.

म्हणून दुसरी योजना. दोघांचा कॅमेरा एकच, म्हणजे त्याची सगळी बटणं मला पाठ. जेवणाआधी कॅमेऱ्यांच्या बॅगा आतल्या खोलीत पलंगावर असतात. दोन मिनिटं पुरतील. व्ह्यूफाइंडरशेजारचं बारकं चाक टोकापर्यंत फिरवायचं, म्हणजे डोळा लावला की सगळं धुकं. रंग बदलायचा, म्हणजे माणसं निळी. आणि सेल्फ-टायमर लावून त्याचा आवाज बंद करायचा. बटण दाबत बसेल आणि फोटो निघेल भलत्याच वेळी.

याला कपट म्हणत नाहीत. काट्याने काटा काढणं म्हणतात.

१९ एप्रिल, सकाळ

झोप उत्तम लागली. न्याय आपल्या बाजूला असला की लागते.

१९ एप्रिल, दुपारी जेवणाआधी

सासुरवाडीच्या बाथरूममध्ये बसून लिहितोय. पॅसेजमध्ये अंधारात माझ्या फोटोला हात लावून आलो.

गेल्या गेल्या साडू म्हणाला, साडूभाऊ, तुमची ८५ जरा लावून बघू का माझ्या कॅमेऱ्यावर. मोठ्या मनाने म्हटलं, बघ बाबा. लेन्स काढताना त्याने विचारलं, तुमच्या बॉडीचं झाकण कुठे. म्हटलं, आम्ही झाकणं वापरत नाही. तो काहीतरी धूळ-धूळ पुटपुटला. मी थांबलो नाही, सासऱ्यांनी हाक मारली होती.

नंतर संधी साधून आत गेलो. पलंगावर दोन कॅमेरे. एकावर माझी ८५, दुसऱ्यावर त्याची ती पट्टा उडालेली ५०. ५०वाला उचलला. चाक, रंग, टायमर, आवाज, सगळं झालं. हात जरासुद्धा कापला नाही. दारात बायको दिसली, तर फुंकर मारून लेन्स पुसल्याचं नाटक केलं. ती हसून निघून गेली.

साडूने ८५ परत लावून दिली, थँक यू म्हणाला. म्हण बाबा म्हण.

१९ एप्रिल, संध्याकाळ, घरी

काय लिहू.

सासू-सासऱ्यांना खिडकीपाशी बसवलं होतं. सासूबाईंचा दगड झालेला. साडूला बाजूच्या कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं, मधली जागा मी घेतली. ट्रायपॉड लावला. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि समोर नुसतं धुकं. म्हटलं, डोळ्यांना ताण आला असेल. बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

तेवढ्यात सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, अहो, जावईबापूंचा कॅमेरा मला डोळा मारतोय. समोर लाल दिवा आहे आणि टायमर लागला की तो लुकलुकतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. सासरे म्हणाले, मारू दे, पन्नास वर्षांत मी मारला नाही, निदान त्याने तरी मारला. सासूबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावायचंही विसरल्या. मी दिवा बघायला कॅमेऱ्यासमोर वाकलो, आणि लोखंडी कपाट लागल्याचा आवाज आला. माझ्याच तोंडाचा फोटो. त्यावर तर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. कोपऱ्यात साडू पटापट बटण दाबत होता.

त्याचा कॅमेरा धडधाकट चालला. याचा अर्थ उघड आहे. त्याने माझ्या कॅमेऱ्याला हात लावला. धुकं, निळा रंग, टायमर, आवाज बंद, हुबेहूब माझीच योजना. इतका नीच माणूस मी पाहिला नाही. सुचलं तरी कसं याला.

२० एप्रिल

बायकोला साडूचं कारस्थान सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, झाकण नव्हतं म्हणून त्याने त्याची ५० तुझ्या बॉडीवर लावून ठेवली होती, आत धूळ जाऊ नये म्हणून. मी बघितलं ना. मला वाटलं तू त्याची लेन्स पुसून देतोयस. बरं वाटलं होतं मला.

मी म्हटलं, शक्य नाही.

नंतर, एकटा असताना, वॉरंटी कार्डावरचा नंबर बॉडीच्या नंबराशी ताडून पाहिला. जुळला.

तरीही मुद्दा उरतोच. दुसऱ्याच्या बॉडीवर आपली लेन्स लावावीच का माणसाने? शिष्टाचार म्हणून काही आहे की नाही. विचारलं असतं तर मी झाकण विकत आणलं असतं.

बायकोने माझ्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड बहिणीला दिलंय, म्हणे सगळे फोटो एकत्र करतायत. द्या. साडू माझा फोटो बघून काय करणार.

८ जून

सासू-सासऱ्यांचं नवं घर पाहायला गेलो. जायचं नव्हतं, पण बायको म्हणाली सासूबाईंनी तुझं नाव घेऊन बोलावलंय.

हॉलमध्ये साडूचा फोटो. खोटं कशाला बोलू, चांगला आहे. सासरे सासूबाईंकडे बघतायत, त्या हसतायत, दोन्ही डोळे उघडे. खाली डाव्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी आहे. माझं कोपर. साडूने सहीसुद्धा केलेली नाही. सासरे म्हणाले, तो म्हणाला, हसवलं साडूभाऊंनी, मी नुसतं बटण दाबलं.

आता असल्या माणसाचा सूड घ्यायचा तरी कसा.

हात धुवायला आत गेलो. पॅसेजमध्ये एक फोटो लावलाय, साडूच्या फ्रेमसारखीच फ्रेम करून. मी काढलेला. माझं निळं तोंड, धूसर, नाकपुड्यांसकट. सासूबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, इथे ओळखीचं कुणी नाही, करमत नाही, येता-जाता हा बघते नि हसू येतं. मग स्वयंपाकघरात गेल्या.

नीट पाहिलं तर माझ्या कानामागे सासूबाईंचा एक डोळा आला आहे. फोकस बरोबर त्याच्यावर आहे. उघडा आहे.

आणि या पॅसेजमधला बल्ब चालू आहे.