तुझ्या बाजूची कमान

प्रिय ताई,

फोनवर तू "मी बरी आहे, तू बरी ना" एवढ्यावर आटोपतेस, म्हणून लिहायला बसले. कुठे बसलेय ते विचार. आमच्या गाड्यांच्या कुशनच्या दुकानामागे, अंगणात, भावोजींच्या गाडीत. गाडीला सध्या टप नाही. जुना विरलेला कॅनव्हास उतरवलाय, वर नुसत्या लोखंडी कमानी आणि त्यांच्यामधून आभाळ. कमानींच्या सावल्या कागदावर आडव्या पडल्यात आणि मी त्यांच्या मधल्या उजेडात लिहितेय. ऊन कोवळं आहे, नव्या रबराचा वास येतोय, मधेच डोळा लागतो. मग मी एकदम दोन वेण्यांची होऊन मागच्या सीटवर असते, आणि पुढे तुम्ही दोघं, नव्या लग्नाचे, एकमेकांशी चकार शब्द न बोलता चाललेले. दचकून जागी होते तर पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या.

भावोजी गेले, तू लेकाकडे राहायला निघालीस, तेव्हा गाडीची किल्ली माझ्या हातावर अशी टाकलीस जणू विंचूच. टप बदला, ठाकठीक करा आणि विकून टाका, मला तिचं तोंड बघायचं नाही, म्हणालीस. तू तिला कायम सवत म्हणायचीस आणि आम्ही सगळे हसायचो. त्या दिवशी मात्र हसायला कुणी नव्हतं. पायरीवर उभी राहून तू म्हणालीस, "त्या माणसाला काचेवरचा ओरखडा लांबून दिसायचा गं. शेजारी बसलेली मी कधी दिसले नाही." माणूस घुमाच होता. तुला ताप आला तर औषध उशाशी ठेवून निघून जायचे, कपाळाला हात काही लावायचे नाहीत. आणि तऱ्हा तरी काय एकेक! टप उघडणारी गाडी हौसेने घेतली आणि सीटांवर धूळ बसेल म्हणून जन्मभर टप लावून फिरवली.

असो. तर कामाचं सांगते. सुटे भाग सगळे आले: बाजूच्या तारा, कमानींखालचे पट्टे, मागची खिडकी, काचेवर बसणारी रबराची पट्टी. आमचे हे तर खोकं उघडून लहान पोरासारखे एकेक वस्तू हातात घेऊन बघत बसले. कापड मात्र मी कापायचं ठरवलं. तयार टप मिळतो, पण बायको कुशनचं काम करते आणि नवरा बाहेरून शिवलेला आणतो म्हटल्यावर बाजारात आमची काय शोभा राहिली असती! दोन दिवस कापड उन्हात पसरून ठेवलं, म्हणजे काय ताणायचं ते आधीच ताणून घेईल. मग माप घेतलं. तुला माहीतच आहे आम्हा शिवणाऱ्यांची सवय. एका बाजूचं माप घ्यायचं, कापड मधोमध दुमडायचं आणि दोन्ही बाजू एकदम कापायच्या. अंगरखा असो की गाडी, डावं-उजवं सारखंच असणार, हे आम्ही धरूनच चालतो. मी भावोजींच्या बाजूचं माप घेतलं आणि कात्री चालवली.

चढवायला गेलो तर त्यांच्या बाजूला टप असा बसला की पाणी थेंबभर आत जायचं नाही. तुझ्या बाजूला मात्र दोन बोटं कमी. ओढलं, ताणलं, पुढची कडी अर्धवट लावून पाहिली, काही केल्या पुढच्या पट्टीपर्यंत पोचेना. इतकं महागाचं कापड, माझ्या तर जिवाचं पाणीपाणी झालं. ह्यांनी त्या कापडाकडे असं पाहिलं की मी चहा करायला निघून गेले. परत आले तर हे गाडीत गुडघे टेकून वर बघत होते. म्हणाले, चूक तुझी नाही, ही कमानच वाकलेली आहे, कधीतरी ठोकर लागली असणार, दोन घावांत सरळ करतो. आणि हातोडा उचलला.

मी कमानीला सहज हात लावला आणि तिथेच थांबले. ठोकर अशी नसते गं. ठोकर लागलेलं लोखंड कुठेतरी चेपलेलं असतं. ही वर उचललेली होती, हळूच, तापवून, आणि वरून कानशीने घासून गुळगुळीत केलेली. जुना कॅनव्हास कोपऱ्यात पडला होता, तो उलटा करून पाहिला. तुझ्या सीटच्या बरोबर वर दोन बोटांचा जोड घातलेला. मशीनचा नाही, हाताचा. टाके तिरके, मोठे, दोऱ्याला गाठीवर गाठी. शर्टाचं बटण तुटलं तर तुझ्यापुढे येऊन उभे राहणारे भावोजी! मी दोन वेण्यांची असल्यापासून मशीनवर बसायचे; सीटा, पडदे, पिशव्या, हक्काने माझ्याकडे आणून टाकायचे. हा एवढा जोड मात्र माझ्याकडे आणला नाही. आणला असता तर मी विचारलं असतं ना, कशाला हवाय म्हणून.

मग मला तुझा अंबाडा आठवला. किती उंच बांधायचीस तू! गाडी नवीन होती तेव्हा फोटो काढायला निघालो होतो, तुझा अंबाडा टपाला घासून मोडला आणि तू वाटभर चिडचिड केलीस. भावोजी नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"वरून घरी गेल्यावर तू रडलीस. आणि नंतर, ताई, नंतर तू अंबाड्यावरून कधीच कुरकुर केली नाहीस. अंबाडा तसाच उंच होता, तूही तीच आणि गाडीही तीच. ती कुरकुर का थांबली, हा प्रश्न ना तुला कधी पडला ना मला.

मी तुझ्या सीटवर बसले. माझे केस आता काय, मोजके उरलेत. म्हणून डोक्यावर मूठ ठेवली आणि ताठ बसले. मूठ त्या उंचवट्यात अलगद मावली. डोळे नुसते वाहत होते. हे हातोडा खाली ठेवून आत निघून गेले.

आता पत्र का, ते सांगते. रविवारी तुझ्या लेकाने ठरवलेलं गिऱ्हाईक येतंय. गिऱ्हाईकाने बजावलंय की टप दोन्हीकडे सारखा दिसला पाहिजे, नाहीतर गाडी घेणार नाही. फोन केला असता तर "कर सरळ आणि टाक विकून" म्हणून तू फोन ठेवला असतास. म्हणून लिहितेय. मी कापडाला दोन बोटांचा जोड घालून ठेवलाय, हातानेच. रविवारच्या आधी ये. तुझ्या जागेवर बस, मग विक म्हणालीस तर हातोडा मीच ह्यांच्या हातात देईन. आणि बसशील तेव्हा शेजारच्या सीटवर पसरून ठेवलेला जुना कॅनव्हासही बघ. भावोजींच्या बाजूला तो डोकं घासून घासून काळा पडलाय, पार विरलाय. तुझ्यापेक्षा वीतभर उंच होते ते, पण स्वतःची बाजू त्यांनी कधी उचलली नाही.

तुझीच, वाट बघणारी
धाकटी