तारप्याच्या मेणात काय घालायचास

बा,

तू हे वाचणार नाहीस. जिता होतास तेव्हाही वाचत नव्हतास, जव्हारच्या शाळेतली माझी पाटी तू उलटी धरायचास आणि म्हणायचास, "बरा काढलास रं." त्या शाळेत मी दोनच पावसाळे टिकलो, तेवढ्या पुंजीवर लिहितो आहे, तेव्हा चुकलं-माकलं पोटात घाल. विचारायचं एकच आहे. तारप्याच्या मेणात तू काय घालायचास? नुसतं मेण नव्हतं ते. काळपट असायचं, आणि चुलीपाशी बसून तू ते मळायला घेतलंस की घरभर कडसर वास सुटायचा. पण मेण मळायची वेळ आली की तू मला दरवेळी काटक्या आणायला पिटाळायचास, आणि मी परत येईतो भोपळ्याला नळ्या चिकटून गेलेल्या असायच्या. "पुढल्या साली दावीन," म्हणालास. पुढल्या साली भात कापणीला यायच्या आधीच तू गेलास.

मी मुंबईत आहे, भायखळ्याला लाकडाच्या वखारीत, मोठ्या करवतीवर. एक गडी वर उभा राहतो, एक खाली खड्ड्यात, मध्ये ओंडका. मी खाली असतो, म्हणजे भुसा सगळा माझ्या नाकातोंडात. कधी आपल्याकडचा साग येतो. कापायला घेतला की वासावरून कळतं, मग त्या दिवशी हात नीट चालत नाही. वखारीच्या समोर माडीवर एक गायनशाळा आहे. तिथे खालच्या वर्गात शेटसावकारांची पोरं सारेगम घोकतात. वरचा वर्ग निराळा. ज्याला आधीपासून काही येतं त्यालाच तिथे ऐकून, पारखून घेतात. मग पुढचं शिकवतात, राहायला-जेवायला देतात, आणि शिकून बाहेर पडला की तो मास्तर होतो, कुठल्यातरी संस्थानात चिकटतो. हे मला आमच्या मुकादमाने सांगितलं, तेही थट्टेत. मी खड्ड्यात गुणगुणत होतो. तो वरून वाकून म्हणाला, "काय गवयी, समोर अर्ज करतोस का?" मी म्हणालो, करतो. तो हसायचा थांबला. "काय वाजवतोस तू?" "तारपा." "ते काय असतं बाबा?" सुकवलेला लांब भोपळा, त्याला खाली दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचं हे एवढं तोंड, असं मी हात पसरून दाखवलं. अर्ज त्यानेच लिहून दिला. 'तारपा' हा शब्द दोनदा खोडला आणि शेवटी लिहिलं, 'एक प्रकारची मोठी पुंगी'. हसू नकोस. खड्ड्यातून वर यायची तेवढी एकच वाट मला दिसत होती.

बोलावणं आलं ते ज्येष्ठात. वाद्य घेऊन हजर व्हावं. आता वाद्य कुठे? सूर्यमाळला घरी, आढ्याला, तू टांगलास तिथेच. कसाऱ्याला गाडीतून उतरलो, खोडाळ्यावरून चढून गेलो. आय झऱ्यावर बसली होती. झरा म्हणजे काय, ओल्या मातीचा खळगा. पाझर साचला की करवंटीने हंड्यात घालायचा.

"आलास? बस. पाणी मागशील तर अजून भरला नाय."

"आय, बाचा तारपा न्यायला आलोय."

"आता? नवा भात यायचा हाय. आता कोण उतरवतो तारपा?"

"वाजवायचा नाय. दावायचा हाय."

"दावायचा! राजाच्या माणसाने बोलावला तरी तुझ्या बाने नाय उतरवला. तू कोणाला दावतोस?"

मी सगळं सांगितलं. ती करवंटीने पाणी घालत राहिली. घरी आल्यावर मात्र तिनेच दोरी सोडली, स्वतःच्या लुगड्याच्या फडक्यात तारपा बांधला आणि म्हणाली, "फुटला तर घरला येऊ नको."

राजाच्या माणसाचं ती बोलली ते मला आठवतं. मी तुझ्या धोतराला धरून चाललो आहे, वैशाखातलं ऊन, जव्हारला दरबारात कोणी पाहुणा आला आहे आणि त्याला तारपा ऐकायचा आहे. शिपाई विचारतो, "तारपा कुठाय?" तू हात जोडून उभा. "नवा भात नाय झाला, साहेब. तवर तो झोपलाय." पाहुणा विचारतो, हा काय म्हणतो? कोणीतरी त्याला समजावतं, आणि सगळे हसतात. तूही हसतोस. मला गुळाचा खडा मिळतो. परतताना मी विचारतो, "तुला भ्या नाय वाटला?" तू म्हणतोस, "वाटला तर. पण आपला दम भाताला लागतो रं. दाणा भरायच्या आधी फुंकला तर पोचट होतो." बास, एवढंच. मग गुळातला अर्धा माझ्याकडून मागून घेतोस.

माडीवर तिघे बसले होते. मधले बुवा म्हातारे, पाय दुखत असावेत, एक पाय लांब करून बसलेले. म्हणाले, "बस आणि वाजव."

मी म्हणालो, "बसून नाही वाजत. वाजवणारा मध्ये चालतो, नाचणारे भोवती फिरतात. त्यांचे पाय बघून चाल बदलायची असते."

बाजूचे म्हणाले, "म्हणजे आता आम्ही फेर धरायचा काय?"

"धरा की," बुवा म्हणाले, "पोट तरी कमी होईल." मग मला म्हणाले, "चालत वाजव."

आणि माझ्या तोंडून निघालं, "नवं भात आलं की वाजवतो." ठरवून बोललो नव्हतो. आपोआप हात जोडले गेले होते.

"अरे, इथे माडीवर भात कुठलं पिकायला?" बाजूचे म्हणाले, आणि हसले. मीही हसलो, तुझ्यासारखाच. पण तू हसून मागे फिरला होतास, बा. मी हसून तारपा तोंडाला लावला.

वाजला नाही. वखारीच्या पत्र्याखाली ठेवलेला, त्यात ज्येष्ठाची काहिली. मेण पाघळून नळ्या ढिल्या झाल्या होत्या. फुंकलं की कडेने नुसता वारा जाई. मी गाल फुगवून खोलीभर चालतो आहे आणि आवाज येतो आहे तो माझ्या पायांचा. मेणाने दगा दिला की तू आडवा आलास, कोणाला विचारू? शेवटी बुवांनी तारपा मांडीवर घेतला, भोपळ्यावरून हात फिरवला. "कोणी केला?" "माझ्या बाने." "हं," म्हणाले. "नीट करून घे. आणि भात आलं की ये. ऐकू." हे थट्टेने म्हणाले की मनापासून, ते मला अजून कळलेलं नाही.

आता कार्तिक लागला आहे. खोडाळ्याचा एक गडी मजुरीला आला, त्याच्याकडे आयचा निरोप होता: "नवा भात देवाला दावला. आता वाजीव." मुकादम रोज विचारतो, "गवयी, भात शिजला का?" समोरच्या माडीची खिडकी उघडी असते. मी रोज संध्याकाळी खोलीतल्या शेगडीवर मेण मळत बसतो. कोळशाची पूड घालून पाहिली, सुटलं. डांबर घालून पाहिलं, खोलीतल्यांनी शिव्या घातल्या. राळ घातली.

राळ घातली ती धरली, बा. वास तुझ्या मेणासारखा नाही, पण धरली. परवा सुटीला वखारीमागे गेलो, कोणी नव्हतं. फुंकलं आणि पहिली चाल निघाली, तुझीच, भोपळ्यातून अंगात घुमली. पाय आपोआप फिरायला लागले. अर्धा फेर झाला नाही तोच छातीत भुसा खवळला आणि खोकला आला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दम नाकाने घ्यायचा, गालात ठेवायचा, आत घेताना बाहेरचा तुटू द्यायचा नाही, हे तू मला पाण्यात नळी घालून बुडबुडे काढायला लावून शिकवलं होतंस. बुडबुडे थांबले की टपली मारायचास. "तू थांबलास की सगळ्यांचे पाय थांबतात रं." तसे थांबले. तिथे पाय माझेच होते, तेवढं बरं.

खोडाळ्याचा गडी उद्या परत जायचा आहे, आयला काय सांगू विचारतो. हा कागद काही त्याच्याकडे देण्याजोगा नाही. बुवांकडे मी अजून गेलेलो नाही. मुकादमाला रोज सांगतो, मेण जमत नाही. दमाचं सांगत नाही. तुलाही वर मेणाचंच विचारून बसलो.