लिनला माझा श्वास ऐकू येतो

अल हैल, मंगळवार, दिवेलागण

चूक लिनची नाही, माझीच आहे.

मी तिची घरी इंग्रजीची शिकवणी घेते; पुढच्या महिन्यात ती मायदेशी, चीनला जाऊन कॉलेजची प्रवेश परीक्षा देणार. इंग्रजीच्या पेपरात आधी संवाद ऐकून उत्तरं द्यायची, मग उतारे वाचून. उताऱ्यांची काळजी नाही. पण रेकॉर्डिंगमधली माणसं भरभर बोलतात, म्हणून गेले तीन महिने संवाद मीच वाचून दाखवत होते. वीसपैकी अठरा, कधी एकोणीस. किती खूश होते मी!

आज पहिल्यांदा खरं रेकॉर्डिंग लावलं. वीसपैकी सात.

"काय झालं गं?" विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "टीचर, उत्तर यायच्या आधी तुम्ही श्वास घेता. हा माणूस घेत नाही."

खरंच घेते मी? इकडे आखातात यायच्या आधी पुण्यात वीस वर्षं मुलांना डिक्टेशन घातलं, महत्त्वाच्या शब्दाआधी थांबून श्वास घ्यायची खोड जाते थोडीच! म्हणजे पोरगी इतके दिवस इंग्रजी ऐकतच नव्हती, नुसता माझा श्वास? उद्यापासून फक्त रेकॉर्डिंग लावायचं. पण तीन आठवड्यांत काय होणार?

तेवढ्यात दूरच्या दुक्म गावाहून तिच्या बाबांचा फोन आला. ते तिथे बंदरावर इंजिनियर आहेत, महिन्यातून एकदा घरी येतात. स्पीकरवरूनच त्यांनी मला विचारलं, "तयारी कशी चाललीय?"

"छान चाललीय," मी म्हणाले.

त्याआधी श्वास घेतला असणार. कारण लिनने झटकन वर पाहिलं.